सौद्याच्या बोलण्यात आपले मन कसे चालते?



उसाच्या भावासाठी आपल्याला दारात उभे राहून घासाघीस करावी लागत नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार केंद्र सरकार दर हंगामाचा रास्त व किफायतशीर दर ठरविते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. ऊस काट्यावर मोजला जातो आणि चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. त्यातही कुरबुरी असतात, नाही असे नाही. पण काट्याजवळ उभे राहून "काय देता, बोला" असे तिथे कोणी कोणाला म्हणत नाही.

परंतु राळेगाव भागातल्या आपल्या सभासदाचे सगळे रान काही उसाखाली नसते. विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर उसाचा एखादा तुकडा, आणि बाकी रानात कापूस, तूर, सोयाबीन. म्हणजे घराचा गाडा ओढणारे खरे पीक पांढरे सोनेच. आणि त्या पिकात मात्र वर्षातून दोनदा बोलण्यावरच सगळे ठरते. एकदा जूनच्या तोंडावर कृषी केंद्राच्या दुकानात, बियाणे, खत, फवारा घेताना. दुसऱ्यांदा सीतादही होऊन वेचणी सुरू झाली की, कापूस विकताना. दुकानात भाव सांगणारा दुकानदार आणि यार्डात भाव सांगणारा व्यापारी. दोन्हीकडे आकडा दुसऱ्याचा, आणि "हो" म्हणणारे आपण.

हे पाच-दहा मिनिटांचे बोलणे असते. वर्षभराच्या राबण्याची किंमत त्या पाच-दहा मिनिटांत ठरून जाते. पेरणी कशी करावी, डवरणी केव्हा द्यावी, बोंडअळीचे सापळे कसे लावावे यावर आपण पुष्कळ वाचतो, ऐकतो. या बोलण्याच्या वेळी आपले डोके कसे चालते, याचा अभ्यास मात्र आपण करीत नाही. समोरचा माणूस तो रोज करतो. व्यापारी दिवसभर सौदेच करीत असतो. आपण वर्षातून चार-पाच करतो. त्यामुळे तो हुशार आणि आपण भोळे असे मुळीच नाही. त्याला सराव आहे, आपल्याला नाही, एवढेच. म्हणून या अंकात आम्ही या विषयाचे पाच छोटे पाठ देत आहोत.

पाठ पहिला : पहिला आकडा

समजा, एक कास्तकार चाळीस क्विंटल कापूस घेऊन खासगी खरेदीदाराच्या दारात उभा आहे. बोलणे साधारण असे होते.

"काय भाव लावता शेठ?"

शेठ गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, बोटांनी ओढून पाहतो. "ओल हाय जी यात. कवडीबी दिसते. साडेसहा हजार होईल पाहा."

"साडेसहानं कसं परवडंल जी? काही तं वाढवा."

"तुम्ही आपले घरचे माणूस. जा, सहा हजार आठशे घ्या. लावा गाडी काट्यावर."

कास्तकार घरी येऊन सांगतो, "क्विंटलमागं तीनशे वाढवून घेतले." त्याला खरोखर आनंद झालेला असतो. पण समजा, त्याच दिवशी यार्डातल्या उघड लिलावात तशाच कापसाला सात हजार दोनशेची बोली गेली होती. म्हणजे क्विंटलमागे चारशे, चाळीस क्विंटलला सोळा हजार रुपये कमी आले. तरी मनाला वाटले की आपण जिंकलो. कारण मनाने तुलना बाजाराशी केलीच नाही. शेठजींच्या पहिल्या आकड्याशी केली.

याला मानसशास्त्रात नांगर टाकणे म्हणतात. हा नांगर शेतातला नव्हे, तर नाव एका जागी धरून ठेवणारा लोखंडी गळ. वर्धा नदीच्या काठावरच्या गावांना हे समजावून सांगावे लागणार नाही. नाव हलते, पण दोरीच्या लांबीएवढीच हलते. पहिला आकडा कानावर पडला की आपले मन त्याच्या आसपासच फिरते.

डॅनियल काहनेमन व ॲमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली या गोष्टीचा एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. जत्रेत फिरते तसे आकड्यांचे एक चक्र त्यांनी लोकांपुढे फिरविले. ते चक्र मुद्दाम असे केले होते की ते १० वर तरी थांबे किंवा ६५ वर तरी. नंतर लोकांना विचारले, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतले देश शेकडा किती? चक्राचा आणि या प्रश्नाचा काडीचाही संबंध नाही. तरी ज्यांच्यापुढे १० आला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, आणि ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचा ४५. जत्रेतल्या चक्राचा आकडा जर शिकल्यासवरलेल्यांचे मन ओढतो, तर हातात कापूस धरून, ओल दाखवून सांगितलेला आकडा किती ओढत असेल?

जुन्या काळी भाव ठरविताना रुमालाखाली हात धरून बोटे दाबीत. शेजारच्याला कळत नसे की सौदा कितीला झाला. असल्या बाजारांना शिस्त लावण्याची सुरुवात आपल्याच वऱ्हाडात झाली. १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला, आणि पुढे १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार कायद्याने उघड लिलावाची पद्धत घातली. या सगळ्यांमागचा हेतू एकच होता, की आकडा चारचौघांत बोलला जावा. तो हक्क आपल्याजवळ आहे. पण आपण खेडा खरेदीवाल्याला दारातच कापूस देतो तेव्हा पुन्हा रुमालाखालीच सौदा करतो असे समजा.

उपाय सोपा आहे. पहिला आकडा आपला असावा, आणि तो घरून नेलेला असावा. गाडी भरण्याआधी तीन भाव विचारून घ्यावे : आपल्या यार्डातली कालची बोली, नदीपलीकडे हिंगणघाटची बोली, आणि सरकारी हमीभाव. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल ठरला. ओलीचेही तसेच. "ओल हाय" हा शब्द आहे, आकडा नव्हे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. म्हणजे ११ टक्के ओल असेल तर ८११० च्या भावात साधारण २४३ रुपये जातात, हजार जात नाहीत. तेव्हा "ओल हाय" म्हटले की शांतपणे म्हणावे, "मीटर लावून दाखवा जी. किती टक्के, ते सांगा." एवढ्यानेच बोलणे दुसऱ्या वाटेला लागते.

पाठ दुसरा : गेल्या सालचा भाव

पहिला पाठ वाचून कोणाला वाटेल की नांगर टाकणारा नेहमी व्यापारीच असतो. तसे नाही. सगळ्यात जड नांगर आपण स्वतःच आपल्या गळ्यात बांधून घेतो. त्याचे नाव गेल्या सालचा भाव.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने दहा हजारांचा आकडा ओलांडला. २०२२ च्या उन्हाळ्यात तर काही बाजारांत तो बारा हजारांपर्यंत गेला. ज्यांनी आधी विकला ते हळहळले. ज्यांनी थांबविला त्यांचे सोने झाले. पुढच्या हंगामात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, सुरुवातीला आठ-नऊ हजारांचा भाव होता. त्या सालचा लांब धाग्याचा हमीभाव होता ६३८०. म्हणजे भाव हमीपेक्षा चांगलाच वर होता. पण विदर्भात घरोघरी एकच बोलणे : "दहाच्या खाली देणं नाही." खोल्या भरल्या, ओसऱ्या भरल्या, माणसे अंगणात झोपली. साठविलेल्या कापसाने लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली. भाव काही चढला नाही. उतरत उतरत उन्हाळ्यात तो सात हजारांच्या आसपास आला, आणि पेरणी तोंडावर आली तेव्हा तोच कापूस काढावा लागला.

तीस क्विंटलवाल्याचा हिशेब करा. साडेआठ हजारांनी विकला असता तर दोन लाख पंचावन्न हजार. सात हजारांनी दोन लाख दहा हजार. पंचेचाळीस हजार रुपये गेले. शिवाय वजनातली घट, उंदीर, आगीची भीती आणि उसनवारीचे व्याज वेगळे.

यात मूर्खपणा नव्हता. माणसाच्या मनाची घडणच तशी आहे. याच काहनेमन व ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले की माणूस नफातोटा शून्यापासून मोजत नाही. तो मनात धरलेल्या एका खुंट्यापासून मोजतो. आणि खुंट्याच्या खाली गेलेला रुपया त्याला वर आलेल्या रुपयापेक्षा पुष्कळ जास्त टोचतो. खुंटा दहा हजारांवर ठोकला की साडेआठ हजार हा चांगला भाव राहत नाही, तो दीड हजाराचा तोटा दिसू लागतो. तोटा पदरात घेण्यापेक्षा माणूस आणखी मोठा धोका पत्करतो, आणि म्हणतो, "पाहू अजून आठ दिवस." या विचारासाठी काहनेमन यांना २००२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्वर्स्की तोपर्यंत वारले होते.

मग काय, कापूस थांबवूच नये? असे आम्ही म्हणत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात थांबलेल्यांनाच भाव मिळाला. पुढचा भाव कोणाच्या हातात नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क त्या वर्षाअखेरपर्यंत उठविले. असे निर्णय आपल्याला विचारून होत नसतात. म्हणून थांबायचे की विकायचे हे ठरविताना मनाला एक प्रश्न विचारावा :

"आज माझ्या घरात कापूस नसता, त्याच्या किमतीची रोकड असती, तर या भावाने मी कापूस विकत घेऊन घरात भरला असता काय?"

उत्तर "छे, कायले भरू" असे आले, तर तुम्ही भावासाठी थांबला नाहीत, गेल्या सालच्या खुंट्यासाठी थांबला आहात. त्यातही मन मानत नसेल तर तीन हिस्से करावे. एक हिस्सा पहिल्या वेचणीनंतर, एक संक्रांतीच्या सुमारास, एक मागे. तीनही हिस्से सगळ्यात वरच्या भावाने जाणार नाहीत, पण सगळेच्या सगळे खालच्या भावानेही जाणार नाहीत.

पाठ तिसरा : लहान "हो" नंतर मोठा "हो"

बैलबाजारात इसार घेतात. थोडीशी रक्कम, पण एकदा ती हातावर पडली की दोघांनाही मागे फिरणे जड जाते. रकमेपेक्षा मनाची बांधणी मोठी असते. सौद्याच्या बोलण्यात असे पुष्कळ इसार असतात, आणि त्यातल्या कित्येकांत रुपयाही नसतो.

"गाडी आत तं घ्या, भावाचं पाहू." गाडी आत गेली. "अर्धी खाली करा, खालचा माल पाहतो." अर्धी खाली झाली. आता पुन्हा भरायची म्हटली तर हमाली आपली, गाडीभाडे आपले, दिवस गेलेला. त्या वेळी भाव दोनशेने खाली आला तरी आपण म्हणतो, जाऊ दे. भावाचा निर्णय त्या वेळी झाला असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे तो गाडी आत घेतली तेव्हाच झाला.

दुकानातही तेच. घ्यायला गेलो कापसाच्या बियाण्याच्या दोन थैल्या. मग, "याच्यासंगं हे टॉनिक सगळेच नेतात." मग, "हे खत घेतलं तं हे दुसरं घ्यावं लागंल." बीजी-२ कापूस बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या थैलीची जास्तीत जास्त किंमत केंद्र सरकार ठरविते. २०२५ च्या खरिपासाठी ती ९०१ रुपये होती. तेवढी आपल्याला पाठ असते. पण घरी येऊन पिशवी रिकामी केली तर बियाण्यापेक्षा सोबतच्या बाटल्यांचेच बिल मोठे निघते.

१९६६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रीडमन व फ्रेझर या दोघांनी हे पडताळून पाहिले. घरमालकांना विचारले, "गाडी सावकाश चालवा" अशी मोठी, बेढब पाटी तुमच्या अंगणात लावू का? सरळ विचारले तेव्हा सहातला एखादा तयार झाला. दुसऱ्या काही घरी आधी त्याच विषयाची इवलीशी पाटी लावण्याची विनंती केली होती. तिला कोण नाही म्हणणार? दोन आठवड्यांनी त्याच घरांना मोठ्या पाटीचे विचारले, तर चारांतले तीन तयार झाले. पहिल्या लहान "हो" ने त्यांच्या मनात स्वतःविषयी एक समजूत झाली होती, आणि माणूस स्वतःच्या समजुतीला सहसा खोटे पाडत नाही.

उपाय असा : भाव बोलल्याशिवाय गाडी काट्यावर लावू नये, आणि बोललेला भाव चिठ्ठीवर लिहून घ्यावा. दुकानात यादी घरून न्यावी. यादीबाहेरच्या प्रत्येक वस्तूला एकच उत्तर, "आज नाही, पुढल्या फेरीत पाहू." एका मालाबरोबर दुसरा माल घ्याच अशी सक्ती दुकानदाराला करता येत नाही. तशी सक्ती झाली तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यावे. आणि पक्के बिल घेतल्याशिवाय ओटा उतरू नये. थैली, बिल आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. पण ग्राहकाजवळ बिल नसेल तर तो काय दाखविणार?

पाठ चौथा : घाई, लाज आणि "काय मारू?"

"दोनच थैल्या उरल्या, पाहा." "काल पाटलानं हेच नेलं." "तुमाले खोटं सांगीन का मी?" ही तीन वाक्ये आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. पहिल्याने घाई होते, दुसऱ्याने मागे राहण्याची भीती वाटते, तिसऱ्याने लाज वाटते. या तिन्हींत बियाण्याविषयी किंवा औषधाविषयी एक अक्षरही नाही. वस्तू कमी उरली म्हणून ती चांगली ठरत नाही. पाटलाचे रान काळे, आपले बरड, म्हणजे पाटलाचे वाण आपल्याला चालेलच असे नाही. आणि प्रश्न विचारला म्हणजे समोरच्याला खोटे पाडले असेही होत नाही.

यातली लाज सगळ्यात महाग पडते. ओळखीच्या दुकानदाराला "नाही" म्हणायला आपली जीभ रेटत नाही. म्हणून आपण निर्णयच त्याच्या हाती देऊन टाकतो. शेतातली अळी किंवा तुडतुडे एका पानावर घेऊन जातो आणि विचारतो, "काय मारू?" हा प्रश्न विचारला की बोलणे संपले. पुढे तो जे देईल ते आपण घेणार.

आपल्या जिल्ह्याने याचे कडू फळ चाखले आहे. २०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कारणे अनेक सांगितली गेली : डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, जोराने फवारणारे पंप, तोंडाला फडके किंवा हातमोजे नसणे, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालविणे. एका दुकानातल्या एका बोलण्याने हे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ती मिसळ करण्याचा निर्णय पुष्कळदा बांधावर झालेला नव्हता, दुकानाच्या ओट्यावर झालेला होता. आणि फवारणारा हात पुष्कळदा मजुराचा होता, ज्याला त्या बोलण्यात कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून "काय मारू?" हा प्रश्न सोडून चार दुसरे प्रश्न पाठ करावे. लेबलवर कापूस हे पीक आणि ही कीड छापली आहे काय? डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा? लाल सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे दुसऱ्यात कालवायचे असे लेबलवर लिहिले आहे काय? आणि फवारणीच्या वेळी अंगावर काय घालायला सांगितले आहे? दुकानदार जाणता असेल तर त्याला हे प्रश्न आवडतील. न आवडले तर तेही एक उत्तरच समजावे.

पाठ पाचवा : तंगीतले डोके

आता शेवटचा आणि उसवाल्यांना जवळचा पाठ. २०१३ साली "सायन्स" या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो झाला तामिळनाडूत, विलुपुरम व तिरुवण्णामलै या जिल्ह्यांत, ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांवर. उसाची तोडणी सगळ्यांची एकदम होत नाही. कारखान्याच्या कार्यक्रमाप्रमाणे कोणाची आधी, कोणाची महिना-दोन महिन्यांनी. त्यामुळे एकाच महिन्यात एका शेजाऱ्याच्या हातात पैसे असतात आणि दुसऱ्याच्या घरी दागिना गहाण पडलेला असतो. अभ्यासकांनी याचाच उपयोग करून घेतला. त्याच शेतकऱ्याला तोडणीआधी आणि पैसे आल्यानंतर आकृत्यांची कोडी व आकड्यांची कामे दिली. पैसे आल्यानंतर तोच माणूस तीच कामे अधिक चांगली करू लागला.

माणूस तोच, अक्कलही तीच. फरक एवढाच की तंगीच्या दिवसांत डोक्याचा एक कोपरा सतत हिशेबात गुंतलेला असतो : सोसायटीचे कर्ज, पोरीची फी, दुकानाची उधारी. उरलेल्या डोक्यावर बाकीची कामे करावी लागतात. एका अभ्यासावरून सगळे ठरत नाही हे खरे, पण आपल्यापैकी कोणाला हे अनुभवाने ठाऊक नाही?

आता आपले वर्ष पाहा. बियाणे आणि फवाऱ्याची खरेदी आपण केव्हा करतो? जून, जुलैत, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडकीच्या दिवसांत. वर उधारीवर. उधारी देणाऱ्या दुकानदाराला लेबल वाचून दाखवा म्हणणे जड जाते. तसेच पहिल्या वेचणीचा कापूस आपण केव्हा विकतो? दिवाळी तोंडावर असताना, मजुरांची वेचाई द्यायची असताना. म्हणजे सगळ्यात मोठे निर्णय आपण सगळ्यात थकलेल्या डोक्याने करतो.

पैशाची तंगी एका पाठाने जाणार नाही. पण निर्णयाची वेळ बदलता येते. चुकारा हाती आल्यानंतरच्या आठवड्यात, डोके मोकळे असताना, पुढल्या खरिपाचे वाण ठरवून वहीत लिहून ठेवावे. या वर्षी कोणते वाण कोणत्या धुऱ्यात कसे आले, हे तेव्हा ताजे आठवत असते. जूनमध्ये मग ठरवायचे काही उरत नाही. नुसते आणायचे उरते.

निघण्याआधीची चिठ्ठी

पाचही पाठांचे सार एकच आहे : निर्णय ओट्यावर किंवा काट्यावर घेऊ नये. तो घरून घेऊन जावा. त्यासाठी एक चिठ्ठी पुरते. कापूस विकायला निघताना तिच्यावर चार ओळी लिहाव्या :

१. आजचे तीन भाव : आपले यार्ड, हिंगणघाट, हमीभाव.

२. याच्या खाली द्यायचा नाही असा आपला आकडा.

३. तो न मिळाल्यास काय करायचे : परत आणायचा, दुसऱ्या बाजारी न्यायचा, की अर्धाच विकायचा.

४. पैसे रोख की खात्यात, आणि किती दिवसांत.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. "नाही" म्हटल्यावर जायचे कुठे हे ज्याला ठाऊक आहे, त्याचाच "नाही" पक्का असतो. परतीचे भाडे क्विंटलमागे किती पडेल हे आधी मांडून ठेवले तर गाडी अर्धी खाली झाल्यावरही डोके ताळ्यावर राहते.

चिठ्ठीबरोबर एक माणूसही न्यावा. आपले वाडवडील बैल घ्यायला कधी एकटे गेले नाहीत. एक जण बोलायचा, दुसरा दात पाहायचा, चालवून पाहायचा, आणि वेळ आली की बाही ओढून म्हणायचा, "चाल, उद्या पाहू." कापसाच्या बाबतीत तो दुसरा माणूस पुष्कळदा घरातच असतो. वेचणी बाईमाणसांच्या हातची. कोणत्या गाठोड्यात पहिली वेचणी आहे, कशात कवडी आली, कोणता कापूस दवात वेचला, हे घरधनिणीइतके कोणाला ठाऊक नसते. पण सौद्याच्या वेळी तीच घरी असते. तिला बरोबर न्या. न जमल्यास "घरी विचारून सांगतो" हे वाक्य तरी बरोबर न्या. काही जण हे वाक्य म्हणायला लाजतात. आमच्या मते सौद्याच्या बोलण्यातले ते सगळ्यात शहाणे वाक्य आहे, कारण त्याने घाई तुटते.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. व्यापारी किंवा दुकानदार हा आपला वैरी नव्हे. त्यालाही भाडे आहे, व्याज आहे, घरी लेकरे आहेत, आणि अडीअडचणीला उधारी देणाराही तोच आहे. गाठोड्याच्या मधोमध ओला कापूस दाबणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यामुळेच चांगल्या कास्तकाराच्या कापसातही हात खोल घातला जातो. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती. तेव्हा भाव सरकारच जाहीर करी, आणि बोलण्याची ही कला आपल्याकडून सुटली ती सुटलीच. आता बाजार मोकळा आहे. ती पुन्हा शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ती शिकताना भांडण शिकण्याची गरज नाही. आकडा माहीत असलेला माणूस हळू आवाजात बोलला तरी चालते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मागील हंगामात कापूस विकताना पहिला आकडा कोणी उच्चारला? त्या दिवशीचा लिलावाचा भाव तुम्हाला ठाऊक होता काय?

२. तुमच्या मनातला या हंगामाचा खुंटा किती रुपयांवर आहे? तो कशावरून ठोकला?

३. गेल्या खरिपाचे बिल काढून पाहा. यादीत नसलेल्या वस्तूंची बेरीज किती होते?

४. घरात असलेल्या औषधाच्या डब्यावर त्रिकोणाचा रंग कोणता? फवारणाऱ्या माणसाला तो सांगितला आहे काय?

५. पुढल्या खरिपाचे वाण कोणत्या महिन्यात ठरविणार, ते आजच वहीत लिहा.

सभासदांनी हे प्रश्न घरात सगळ्यांनी मिळून सोडवावे, शाळेत जाणाऱ्या लेकरांसह. चिठ्ठी लिहून ज्यांनी सौदा केला, त्यांनी तो कसा झाला ते आम्हाला पोस्टकार्डाने किंवा समक्ष कळवावे. भाव कमी मिळाला असेल तरी कळवावे. चिठ्ठी कुठे कमी पडली हे कळले तर पुढल्या पाठात ती सुधारता येईल.